सिग्नलच्या केबिनमागचे वारूळ

गोटहोल्ड दोमाश्के यांनी ब्रेझनित्स फाट्यावरच्या सिग्नलच्या केबिनमध्ये सव्वीस वर्षे नोकरी केली आणि त्या काळात त्यांच्या हातून एकही चुकीची नोंद झाली नाही. ही गोष्ट ते स्वतः कुणाला सांगत नसत. सांगत त्या त्यांच्या पत्नी एर्डमूट, आणि त्याही कौतुकाने सांगत असे म्हणता येत नाही. लग्नाच्या दिवशी चर्चच्या वहीत सही करण्यापूर्वी या गृहस्थांनी वरच्या तीन जोडप्यांच्या तारखा तपासल्या आणि पाद्रीबुवांना त्यातली एक चूक दाखवली, हा किस्सा गावातल्या प्रत्येक लग्नात त्या एकदा तरी सांगत.

पुढे तो रेल्वेमार्ग बंद झाला, आणि ज्या माणसाला दिवसातून चौदा गाड्यांच्या वेळा लिहायची सवय होती त्याच्यापुढे कोरी वही उरली. ती त्यांनी मुंग्यांनी भरली. लाउझित्स प्रांतातल्या पाइनच्या जंगलात रानमुंग्यांची वारुळे असतात, वाळलेल्या सुयांची, कमरेइतकी आणि कधी छातीइतकीही उंच. त्यांना कायद्याचे संरक्षण आहे. ती हलवायची झाली तर प्रशिक्षण घेतलेल्या मुंगीरक्षकालाच हलवता येतात. गोटहोल्ड यांनी ते प्रशिक्षण घेतले, परीक्षा दिली, ओळखपत्र आणि वीसपट मोठे दाखवणारे भिंग मिळवले, आणि ब्रेझनित्सच्या जंगलातल्या सर्व वारुळांना क्रमांक दिले. एकूण त्रेचाळीस.

त्रेचाळिसावे वारूळ केबिनच्या मागे, रुळांपासून एकतीस पावलांवर होते. क्रमांक शेवटचा असला तरी ओळख सर्वांत जुनी होती. १९८५ सालच्या उन्हाळ्यात एका कुजक्या बुंध्याशी त्यांना करड्या मुंग्यांचे लहानसे घर दिसले होते, आणि त्या करड्यांत काही तांबड्या डोक्याच्या मोठ्या मुंग्या घरच्यासारख्या वावरत होत्या. दोन जातींच्या मुंग्या एका घरात पाहून त्यांना नवल वाटले आणि त्यांनी ते ड्यूटीच्या डायरीच्या मागच्या पानावर तारीखवार लिहून ठेवले. दोन वर्षांत करड्या मुंग्या दिसेनाशा झाल्या, तांबड्या उरल्या, आणि त्या बुंध्यावर सुयांचा घुमट वाढू लागला. तो त्यांनी गाड्यांच्या मधल्या वेळात वाढताना पाहिला.

एर्डमूट यांचा त्या वारुळाशी संबंध निराळा होता. दुपारी त्या केबिनवर जेवण घेऊन येत. उकडलेले बटाटे, चक्का आणि वर जवसाचे तेल. मार्चच्या पहिल्या उबदार दिवसांत मुंग्या वारुळाच्या माथ्यावर येऊन उन्हात एकमेकींवर पडून राहतात. हजारोंच्या संख्येने त्या अशा पडतात की घुमटावर कुणी काळी चकचकीत घोंगडी पसरली आहे असे वाटावे. अंग तापले की त्या आत जातात, ती ऊब आत सोडतात आणि पुन्हा वर येतात. वारुळाची शेगडी पेटते ती अशी. त्या दिवसांत त्यांच्या जवळ काही नेले की त्या पोट वर करून आम्लाची बारीक फवारणी करतात. एर्डमूट यांची आई सोर्बी या तिथल्या जुन्या जमातीतली; तिच्या घराण्यात याचा उपयोग ठाऊक होता. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी एर्डमूट लाल कोबीच्या पाण्यात अंडी उकळून निळी करीत आणि दहा मिनिटे वारुळावर ठेवीत. मुंग्यांचे आम्ल जिथे पडे तिथे निळ्यावर गुलाबी ठिपका उमटे. एक अंडे दुसऱ्यासारखे कधी होत नसे. बाकीच्या बायका हंसाच्या पिसाने आणि मेणाने नक्षी काढीत; दोमाश्केंच्या घरची अंडी मुंग्या रंगवीत. गावातल्या तेवीस घरांत ईस्टरच्या सकाळी प्रत्येकी एक अंडे जाई.

गोटहोल्ड मुंगीरक्षक झाल्यावर पेच उभा राहिला, कारण संरक्षित वारुळाला डिवचणे हा गुन्हा. त्यावर त्यांनी काढलेला मार्ग त्यांच्या स्वभावाला शोभणारा होता. त्या गुरुवारी ते घड्याळ पाहून वारुळाच्या पलीकडे जात, जंगलाकडे तोंड करून दहा मिनिटे पाइनच्या सालींची तपासणी करीत, आणि अकराव्या मिनिटाला परत येत.

मग खाण आली. उघड्या कोळसा खाणीची कड वर्षाला काही शे मीटर सरकत येत होती. ब्रेझनित्स तिच्या वाटेत होते. गावाने मतदान केले, बहुमताने स्थलांतर स्वीकारले, आणि २००३ सालच्या शरदात तेवीस घरे अकरा किलोमीटरवर एका शहराच्या कडेला नव्याने उभी राहिली. चर्चची घंटा आली, कबरी आल्या, शेजारसुद्धा त्याच क्रमाने आला. एर्डमूट यांनी विरोधात मत दिले होते. नव्या घरात त्यांनी भांडी लावली, पडदे टांगले. फक्त एक लाकडी पेटी उघडली नाही. तिच्यात अंडी उकळण्याचे पातेले, टोपली आणि दरसालचे एकेक जपून ठेवलेले अंडे होते.

ती कधी उघडणार, असे गोटहोल्ड यांनी एकदा विचारले.

"तुझ्या मुंग्या आण आधी," त्या म्हणाल्या. "मला तुम्ही सगळ्यांनी हात वर करून आणलंत. त्यांना कुणी विचारलंही नाही. त्या इथं रुळल्या तर मीही रुळेन, आणि पेटीही उघडेन."

बेचाळीस वारुळे दूरच्या सरकारी जंगलात गेली. त्रेचाळिसाव्यासाठी मात्र गोटहोल्ड यांनी अर्ज करून नव्या वस्तीच्या मागची जागा मागून घेतली. कोवळ्या पाइनच्या कडेची, सकाळचे ऊन येणारी. ३१ मार्चला जंगल खाणीच्या ताब्यात जायचे होते. २४ मार्च २००४, बुधवार, हा दिवस ठरला.

मदतीला शेजारचा झिगमार क्राउत्स होता. झिगमार मधमाश्या पाळी, आणि रानमुंग्यांबद्दल त्याला व्यवहारी प्रेम होते. मुंग्या पाइनवरच्या मावा नावाच्या बारीक किड्याला गाईगुरांसारखे राखतात, त्याच्या शत्रूंना हुसकतात आणि त्याच्या अंगातून पाझरणारा गोड रस पितात. त्यातला उरलेला रस पानांवर सांडतो आणि मधमाश्या तो गोळा करून काळसर, दाट मध करतात. मुंग्या म्हणजे माझे गुराखी, असे तो म्हणे.

सकाळी दहाला ऊन माथ्यावर आले आणि मुंग्या वर आल्या. दोघांनी फावड्यांनी पिंपे भरायला सुरुवात केली. सुया, काटक्या, मुंग्या, मुंग्यांत लोळणाऱ्या जाड पांढऱ्या अळ्या. त्या अळ्या मुंग्यांच्या नव्हेत, सोनेरी-हिरव्या भुंग्याच्या. वारुळाच्या उबेत त्या कुजका पाला खाऊन वाढतात आणि मुंग्या त्यांना हात लावीत नाहीत. त्याही पिंपात घ्यायच्या, असे गोटहोल्ड यांनी बजावले.

"म्हणजे पाहुणेही उचलायचे," झिगमार म्हणाला.

गोटहोल्ड म्हणाले की हे पाहुणे परवडले. जुन्या गावामागच्या ओल्या कुरणात एक लहान निळे फुलपाखरू असते. त्याची अळी फुलावरून खाली पडते आणि मुंग्यांच्या पिलासारखा वास सोडते. तिथल्या लहान लाल मुंग्या आपलेच लेकरू समजून तिला घरी नेतात, आणि ती दहा महिने तिथे बसून त्यांची खरी पिले खाते.

"माझा जावई," झिगमार म्हणाला. "फक्त दहा महिन्यांत जात नाही."

नऊ पिंपे भरली तेव्हा तीन वाजून गेले होते. घुमट संपला होता. खाली तो जुना बुंधा होता, आतून पोखरलेला, जमिनीत खोल गेलेला. झिगमारने विचारले, हा उकरायचा का?

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. त्या जंगलात रानमुंग्यांच्या दोन जाती आहेत, आणि डोळ्यांना त्या एकच दिसतात. एकीच्या वारुळात शेकडो राण्या असतात. ते अर्धे उचलले तरी दोन्ही अर्धी जगतात. दुसरीच्या वारुळात लाखो मुंग्यांमध्ये राणी एकच असते. ती वीस वर्षे जगते, आणि तिच्याबरोबर वारूळ. दोन्ही जातींतला फरक पाठीवर आहे. एकीची पाठ जवळजवळ गुळगुळीत, दुसरीच्या पाठीवर राठ केस. ते पाहायला भिंग लागते आणि बाजूने उजेड लागतो. गोटहोल्ड यांनी पहिल्या तीस वारुळांतल्या मुंग्या भिंगाखाली पाहिल्या होत्या. सगळ्या गुळगुळीत. पुढच्या बारांतल्या निम्म्या पाहिल्या. त्याही तशाच. वहीतला जातीचा चौथा रकाना वरपासून खालपर्यंत एकाच अक्षराने भरत गेला होता. त्रेचाळिसाव्या ओळीत त्यांनी ते अक्षर भिंग न काढता लिहिले. ओळखीचे वारूळ, आणि रकाना इतका सरळ.

"नको," गोटहोल्ड म्हणाले. "वरच्या थरातच शेकडो राण्या आल्या असतील. चार वाजता खाणीचं फाटक बंद होतं."

नऊ पिंपे नव्या जागी रिकामी झाली. मुंग्यांनी त्याच संध्याकाळी सुया रचायला सुरुवात केली.

२ एप्रिलला, शुक्रवारी, गोटहोल्ड अंतिम अहवाल भरायला बसले. त्यासोबत प्रत्येक वारुळातल्या सात मुंग्यांचा नमुना जोडायचा असतो. ईस्टर नऊ दिवसांवर होता. एर्डमूट या वर्षी अंडी करणार नव्हत्या, मुंग्यांना जरा दम खाऊ दे म्हणाल्या होत्या, आणि शेजारी भेटायला गेल्या होत्या. त्यांच्या शिवणयंत्राचा दिवा बाजूने चांगला पडे. त्या दिव्याखाली गोटहोल्ड यांनी त्रेचाळिसाव्या वारुळातली पहिली मुंगी ठेवली.

पाठीवर केस होते.

त्यांनी भिंग पुसले. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली, सातही पाहिल्या. मग उठून कपाटातून १९८५ ची डायरी काढली आणि मागचे पान उघडले. करड्या मुंग्यांत तांबड्या. प्रशिक्षणात त्यांनी हे ऐकले होते, परीक्षेत उत्तरही बिनचूक लिहिले होते. एका राणीच्या जातीतली तरुण राणी एकटी संसार मांडू शकत नाही. ती करड्या मुंग्यांच्या घरात शिरते, त्यांच्या राणीला मारते आणि तिच्या जागी बसते. करड्या मुंग्या तिची पिले स्वतःची समजून वाढवतात आणि दोनेक वर्षांत मरून संपतात. म्हणजे ती राणी बुंध्यात शिरली होती, याची साक्ष त्यांच्याच हस्ताक्षरात एकोणीस वर्षे घरात होती. त्यांनी फक्त ती उत्तरपत्रिकेच्या शेजारी ठेवून वाचली नव्हती.

राणी पिंपात आली असण्याचा संभव होता. पण संध्याकाळी ऊन उतरले की ती खोल जाते, आणि त्या दिवशी दोन वाजल्यापासून ढग होते. तेही त्यांनीच नोंदले होते.

त्यांनी खाणीच्या कार्यालयात टिशरबाईंना फोन केला. जंगलाच्या परवान्यांचे काम त्यांच्याकडे असे. टिशरबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मुदत ३१ ला संपली, आत यंत्रे चालू आहेत, कुणालाही सोडता येत नाही. पण तुम्ही लेखी द्या, मी स्वतः पुढे नेते. त्यांनी लेखी दिले. टिशरबाईंनी खरोखरच पुढे नेले. सातव्या दिवशी उत्तर आले: १४ एप्रिल, सकाळी अर्धा तास, हेल्मेट घालून, एका व्यक्तीस सोबत नेता येईल. मागितले ते सर्व मिळाले होते.

१४ तारखेला फाटकातून आत गेल्यावर गोटहोल्ड थांबले. झिगमार कुदळ घेऊन मागे होता. समोर पिवळी वाळू होती, क्षितिजापर्यंत सपाट केलेली. केबिन नव्हती. बुंधे उपटून, चिरडून एका बाजूला त्यांच्या भुशाचा डोंगर घातला होता. वारूळ रुळांपासून एकतीस पावलांवर होते हे त्यांना झोपेतही सांगता आले असते. पण रूळही नव्हते, आणि एकतीस पावले कुठून मोजायची हे सांगणारे काहीच उरले नव्हते. झिगमारने दोनदा विचारले, कुठं खणू? ते इकडे तिकडे पाहत राहिले. अर्धा तास संपायच्या आत दोघे फाटकाशी परत आले.

टिशरबाई तिथे उभ्या होत्या. "दोमाश्केसाहेब, माझ्याकडून काही राहिलं का?"

"नाही बाई. नोंद माझी होती."

परतताना झिगमारने गाडीत विचारले, एर्डमूटला सांगायचं का? गोटहोल्ड म्हणाले, इतक्यात नको. राणी आली असेलही. जुलैत कळेल.

जुलैत वारूळ कमरेइतके झाले. नव्या वस्तीतले लोक रविवारी घडीच्या खुर्च्या घेऊन ते पाहायला येऊ लागले. जुन्या गावात ज्यांनी कधी मुंगीकडे मान वळवली नव्हती तेही येत. ज्यांचे जुने अंगण, जुनी विहीर, जुने सफरचंदाचे झाड खाणीत गेले होते त्यांना ही एकच गोष्ट तिथली जिवंत दिसत होती. कुणी म्हणे, बघा, लागली की नाही. कुणी म्हणे, आपल्यापेक्षा लवकर लागली. कुणी कडेला पडलेल्या लहान काटक्या उचलून त्यांच्या वाटेवर ठेवी. कुणी खुर्ची आवरताना हळूच म्हणे, चला, आपलंही जमेल.

निरोगी वारुळात जुलैमध्ये मुंग्या पांढरे कोष माथ्याजवळच्या उबेत आणून ठेवतात. लोक त्यांना मुंग्यांची अंडी म्हणतात. गोटहोल्ड यांनी लोक नसताना तीन ठिकाणी बोटाने कवच उघडून पाहिले. कोष नव्हते. मुंग्या धावत आल्या, भोके बुजवली आणि कामाला लागल्या. मजूर मुंगी फार तर दोन वर्षे जगते. यातल्या प्रत्येकीचे दिवस संपत होते, जागा घ्यायला मागून कुणी येत नव्हते, आणि तरी एकीचेही पाऊल मंदावले नव्हते. ते बघणे गोटहोल्ड यांना सर्वांत कठीण जाई.

ऑगस्टमध्ये एक दिवस ते घरी आले तेव्हा पेटी उघडी होती. एर्डमूट जुनी अंडी कापसातून काढून खिडकीतल्या फळीवर ओळीने मांडत होत्या.

"तू जिंकलास," त्या म्हणाल्या. "रुळल्या तुझ्या मुंग्या."

यावर गोटहोल्ड यांनी काय म्हणायला हवे होते हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी एक अंडे सरळ केले.

झिगमारला त्यांनी सगळे सांगितले होते. झिगमार म्हणाला, मग दुसरी राणी आण की. ते अगदीच अशक्य नव्हते. मे महिन्यात तरुण राण्या पंख घेऊन बाहेर पडतात. त्याच जातीच्या वारुळातल्या काही आणून सोडल्या तर अनाथ मुंग्या कधी कधी त्यांतली एक स्वीकारतात. कधी पायाला धरून फरफटत बाहेर काढतात. पण जितका उशीर तितकी आशा कमी, कारण मुंग्या म्हाताऱ्या होत जातात. साठ किलोमीटरवरच्या एका मुंगीरक्षकाकडे त्या जातीची दोन वारुळे होती. गोटहोल्ड यांनी हिवाळ्यात त्याला पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले: मेच्या दुसऱ्या आठवड्यात या, डझनभर राण्या देतो.

२४ मार्च २००५ हा ईस्टरच्या आधीचा गुरुवार होता. हलवल्याला बरोबर वर्ष झाले होते. एर्डमूट यांनी तेवीस निळी अंडी टोपलीत घेतली, गोटहोल्ड पलीकडे जाऊन दहा मिनिटे पाइनच्या साली तपासत राहिले, आणि अकराव्या मिनिटाला परत आले तेव्हा टोपलीवर फडके होते. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर अंडी आली. गोटहोल्ड यांनी एक हातात घेतले आणि ठिपके मोजले. एकसष्ट. मग फळीवरचे १९९८ चे घेतले. चौसष्ट.

त्यांनी आणखी चार अंडी मोजली. अठ्ठावन्न, त्रेसष्ट, साठ, सत्तावन्न.

वर्षभर नवी मुंगी न जन्मलेल्या वारुळात हे आकडे येणे शक्य नव्हते. हिवाळ्यानंतर निम्म्याही मुंग्या उरायला नकोत. त्यांनी माणसांच्या शब्दांवर कधी विश्वास ठेवला नव्हता, मोजलेल्या गोष्टीवर ठेवला होता, आणि मोजणीत सगळे ठीक होते. जुलैत आपण कोष शोधले ते कदाचित चुकीच्या जागी. ते कदाचित खोल होते. राणी पिंपातून आली होती. त्या संध्याकाळी त्यांनी बटाटे दोनदा वाढून घेतले आणि चर्चच्या वहीचा किस्सा, जो सांगण्याचा हक्क आजवर एर्डमूट यांचा होता, तो स्वतः सांगितला. एर्डमूट त्यांच्याकडे पाहत राहिल्या आणि हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साठ किलोमीटरवरच्या मुंगीरक्षकाला पत्र लिहिले. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे. राण्यांची आता आवश्यकता नाही. पत्राची प्रत त्यांनी नेहमीप्रमाणे खणात ठेवली.

जूनमध्ये वारुळावर पंखांच्या मुंग्या आल्या. रविवार होता. झिगमारने त्या आधी पाहिल्या आणि लोकांना हाका मारल्या. त्याच आठवड्यात सुयांतून सोनेरी-हिरवे भुंगे वर येत होते, नाण्यांसारखे चकाकत. संसार वाढला, असे लोक म्हणत होते. कुणी फोटो काढले. झिगमार गोटहोल्ड यांच्याजवळ येऊन म्हणाला, "बघ, पोरं झाली. उगाच रडत होतास."

गोटहोल्ड यांनी एक पंखवाली मुंगी बोटावर घेतली. मग दुसरी, मग पाच-सहा. सगळ्या सडपातळ, काळ्या. नर. राणी नसली की मजूर मुंग्या स्वतः अंडी घालू लागतात, पण त्या अंड्यांतून फक्त नर जन्मतात, आणि नर काही काम करीत नाहीत. ते उडतात आणि काही दिवसांत मरतात. वारुळाने शेवटची कुवत या उडण्यावर खर्च केली होती. तरुण राणी त्यांत एकही नव्हती, आणि साठ किलोमीटरवरच्या त्या वारुळांतल्या राण्यांचा मे महिना होऊन गेला होता.

"काय झालं?" झिगमारने विचारले.

"सगळे मुलगे आहेत," गोटहोल्ड म्हणाले.

झिगमारने लोकांकडे पाहिले, आणि मग पुन्हा कुणाला हाक मारली नाही. समोर खुर्च्या मांडून बसलेल्यांत एर्डमूट होत्या. त्यांच्या मांडीवर एक भुंगा चढला होता आणि त्या त्याला बोटाने वाट दाखवत होत्या.

पुढच्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला आला. गुरुवारी दुपारी दोघे टोपली घेऊन वारुळाकडे गेले. घुमट बसका झाला होता, उत्तरेकडून गवत चढले होते. दुपारच्या चांगल्या उन्हात माथ्यावर मुंग्यांचा एक डाग होता, तळहाताएवढा. गोटहोल्ड नेहमीप्रमाणे पलीकडे गेले. या वेळी मात्र त्यांनी सालींकडे न पाहता मागे वळून पाहिले. एर्डमूट एकेक अंडे त्या डागाशी धरत होत्या, खूप वेळ धरत होत्या, जसे कुणी आजाऱ्याच्या तोंडाशी चमचा धरते. काही मुंग्या पोट वर करीत. मग त्यांनी सगळी अंडी टोपलीत ठेवली आणि वर फडके टाकले. दहा मिनिटे व्हायला अजून दोन होती.

घरी आल्यावर त्यांनी टोपली स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली आणि फडके काढले. अंडी गेली होती तशी परत आली होती. तेवीस निळी अंडी. गोटहोल्ड खुर्चीवर बसले. दोन वर्षे जे वाक्य त्यांनी मनात घोळवून ठेवले होते ते आता साधेच बाहेर आले.

"एर्डमूट, राणी तिथंच राहिली. जुन्या जागी. चूक माझी. मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे."

एर्डमूट यांनी कपाटातून व्हिनेगरची बाटली काढली, एका वाटीत थोडे ओतले, आणि शेजारी हंसाचे पीस ठेवले, टोक तिरपे कापलेले.

"मलाही एक वर्षापासून ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"गेल्या वर्षी एका अंड्यावर नऊ-दहा ठिपके आले होते. फार तर बारा. उरलेले मी दिले." त्यांनी पीस वाटीत बुडवले आणि एका अंड्याला हलकेच टेकवले. निळ्यावर गुलाबी ठिपका उमटला. "तुला काही कळू नये म्हणून. मुंग्या गेल्या तर तू मोडशील असं वाटलं मला. आणि तू किती खूश झालास त्या संध्याकाळी. मोजत बसलास. दोनदा जेवलास."

गोटहोल्ड टेबलाकडे पाहत राहिले. टेबलाचा खण त्यांच्या गुडघ्यांसमोर होता आणि त्या खणात, तारखेनुसार लावलेल्या कागदांत, त्या पत्राची प्रत होती. मेच्या दुसऱ्या आठवड्यातल्या डझनभर राण्या. मुंग्यांनी त्या स्वीकारल्याच असत्या असे कुणी सांगू शकत नव्हते. कदाचित फरफटत बाहेरच टाकल्या असत्या. ते कधीच कळणार नव्हते. खण उघडायला त्यांचा हात थोडा पुढे गेला, आणि त्यांनी तो टेबलावर आणून ठेवला.

"मग पेटी?" त्यांनी विचारले. "तू म्हणाली होतीस, त्या रुळल्या तर."

"म्हणाले होते." त्यांनी पुढचे अंडे उचलले. "आता म्हणून काय होणार? परत कुठं जायचंय आपल्याला? वाळूत?"

बाहेर रस्त्यावर कुणी दोघी बोलत चालल्या होत्या. त्यांतली एक खिडकीत डोकावून म्हणाली, यंदाची अंडी झाली का, आमच्या घरचं जरा मोठं ठेवा. एर्डमूट यांनी वाटी टोपलीआड सरकवली, हात हलवला आणि रविवारी सकाळी मिळेल म्हणून सांगितले. त्या पुढे गेल्यावर त्यांनी वाटी पुन्हा मधोमध आणली.

"तेवीस घरं आहेत," त्या म्हणाल्या. "माझ्या एकटीच्या हातानं व्हायची नाहीत. दुसरं पीस त्या डब्यात आहे."

ज्या माणसाने आयुष्यात खोटी नोंद केली नव्हती त्याने उठून डब्यातून पीस काढले, टोक तपासले, आणि समोर बसून एक अंडे हातात घेतले. व्हिनेगरचा वास स्वयंपाकघरात पसरला. मार्चमधल्या वारुळाच्या वासाशी त्याचे जवळचे नाते होते. मग एर्डमूट यांनी त्यांच्या हातातले अंडे पाहिले. वरपासून खालपर्यंत पाच सरळ ओळी, प्रत्येकीत समान अंतरावर बारा ठिपके.

"असं रांगेत नको देऊस," त्या म्हणाल्या. "लोकांना कळेल. मुंग्या रांगेत फवारत नसत."

त्यांनी दुसरे अंडे घेतले. डोळे मिटून एक ठिपका दिला. डोळे उघडून पाहिले. दुसरा त्यापासून दूर, वेडावाकडा द्यायचा होता. ते पीस हवेत धरून थांबले, आणि तो नेमका कुठे द्यावा हे त्यांना काही केल्या ठरवता येईना.